पुण्यात छापलेलं गुपित: 1887 चं एक पुस्तक आणि त्याच्यावरची बंदी

कोथरूडहून आजचा भाग घेऊन आलोय. कॅम्पातलं लाल देऊळ तुम्ही पाहिलंच असेल. लाल विटांचं, उंच मनोरा असलेलं. लांबून चर्च वाटतं, आणि आपण पुणेकर त्याला देऊळ म्हणतो. प्रत्यक्षात ते सिनेगॉग आहे, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. खरं नाव ओहेल डेव्हिड. डेव्हिड ससून यांनी 1863 मध्ये ते बांधायला घेतलं आणि 1867 मध्ये ते पुरं झालं. ससून स्वतः 1864 मध्ये पुण्यातच वारले, त्यांची कबर त्याच आवारात आहे. ससून हॉस्पिटलवाले ससून ते हेच.

आज त्या इमारतीबद्दल फार बोलणार नाहीये. त्याच समाजातल्या एका माणसानं 1887 मध्ये पुण्यात एक पुस्तक छापलं, आणि ते वाचू नका असं थेट बगदादच्या धर्मगुरूंनी सांगितलं. पुण्यात छापलेल्या पुस्तकावर बगदादमध्ये बंदी! माणसाचं नाव अब्राहम डेव्हिड इझिकेल. पुस्तकाचं नाव ‘इद्रा झुता’.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रातले ज्यू म्हटलं की आपल्याला बेने इस्राएल आठवतात, कोकणातले, शनिवारी तेलघाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे, घरात मराठी बोलणारे. रास्ता पेठेतलं सिनेगॉग त्यांचं. ससून आणि इझिकेल हे वेगळे, बगदादी. एकोणिसाव्या शतकात व्यापारासाठी इकडे आलेले. त्यांची घरातली भाषा होती अरबी, पण लिहायची हिब्रू लिपीत. आपल्याकडे मराठी मोडीत लिहायचे ना, तसं काहीसं समजा. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ‘इद्रा झुता’ म्हणजे काय? त्यासाठी कब्बालात शिरावं लागेल. कब्बाला या शब्दाचा अर्थ ‘मिळालेलं’, म्हणजे गुरूकडून शिष्याकडे आलेलं. ज्यू धर्मातली ही गूढ विद्या. तिचा मुख्य ग्रंथ ‘झोहर’, म्हणजे तेज. तो तेराव्या शतकाच्या शेवटी शेवटी स्पेनमध्ये बाहेर आला. ग्रंथ दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योखाय या ऋषितुल्य माणसाच्या तोंडी घातलाय. तो मोझेस द लिऑन आणि त्याच्या आसपासच्या मंडळींनी लिहिला असं बहुतेक अभ्यासक मानतात.

इथे मला एक गंमत दिसते. साधारण त्याच वर्षांत, शके 1212 म्हणजे 1290 मध्ये, आपल्याकडे ज्ञानेश्वरी झाली. संस्कृतातलं ज्ञान बाजारात बोलल्या जाणाऱ्या भाषेत आलं. झोहरनं बरोबर उलटं केलं. तो लिहिला अरामीत. तेव्हाच्या स्पेनमध्ये अरामी कुणीच बोलत नव्हतं! म्हणजे दार उघडलं आणि लगेच कडी लावली.

आत काय आहे? मूळ देव म्हणजे ‘एन सोफ’, ज्याला अंत नाही असा. त्याच्याबद्दल काहीच बोलता येत नाही. तो जगाकडे वळतो तो दहा ‘सेफिरोत’मधून. करुणा, न्याय, ज्ञान, सौंदर्य अशा दहा शक्ती म्हणा, पायऱ्या म्हणा. दहावी ‘शेखिना’, जगात वस्तीला असलेलं देवाचं स्त्रीरूप. माणसाच्या पापामुळे ती बाकीच्यांपासून तुटते, पुण्यानं परत जोडली जाते. म्हणजे माणसाच्या वागण्याचा परिणाम देवावर होतो. मला तरी कब्बालातली सगळ्यात धाडसी गोष्ट हीच वाटते.

पुढे सोळाव्या शतकात गॅलिलीतल्या सफेद या गावी आयझॅक लुरिया नावाचा माणूस आला. 38 व्या वर्षी गेला, स्वतः जवळजवळ काहीच लिहिलं नाही, सगळं लिहिलं शिष्यानं, हयीम वितालनं. लुरियाचा प्रश्न साधा होता. देव सगळीकडे भरलेला असेल तर जगाला जागा कुठे? उत्तर: देवानं स्वतःला आकसून घेतलं. याला म्हणतात ‘त्सिमत्सुम’. त्या रिकाम्या जागेत त्यानं प्रकाश सोडला, तो धरायला पात्रं होती. प्रकाश पेलला नाही, पात्रं फुटली. त्यांच्या खापऱ्या आणि अडकलेल्या ठिणग्या म्हणजे आपलं जग. प्रत्येक चांगल्या कामानं एक ठिणगी सुटते. या दुरुस्तीचं नाव ‘तिक्कुन’. एका जन्मात काम पुरं झालं नाही तर आत्मा पुन्हा येतो, त्याला ‘गिलगुल’ म्हणतात. हो, पुनर्जन्मच! ज्यू धर्मात!

तुम्ही लगेच म्हणाल, हे तर आपलंच. थांबा. आपल्या अद्वैतात जग हा भास असू शकतो, लुरियाच्या गोष्टीत जग फुटलेलं आहे, पण खरं आहे. फरक मोठा आहे. आणि हीच घाई इझिकेलच्या काळात पुष्कळांनी केली.

इझिकेल थिऑसॉफिस्ट होता. थिऑसॉफिकल सोसायटी 1875 मध्ये न्यूयॉर्कला निघाली, 1879 मध्ये मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत आले. सगळ्या धर्मांच्या तळाशी एकच गुप्त ज्ञान आहे, हे त्यांचं म्हणणं. पुण्यामुंबईतले शिकलेले हिंदू, पारशी त्यात गेले, तसा हा बगदादी ज्यूही गेला. आणि मग त्यानं झोहरमधला एक भाग, ‘इद्रा झुता’, अरामीतून घरगुती अरबीत आणून हिब्रू लिपीत छापला.

एवढं बिघडलं कुठे? एक तर, बगदादी घरांमध्ये झोहर मोठ्यानं म्हणायची रीत होती. अर्थ कळला नाही तरी त्या ध्वनीत पुण्य, असं मानत. आपल्याकडे रुद्र म्हणणाऱ्या सगळ्यांना अर्थ कुठे येतो? दुसरं, ‘इद्रा झुता’ हा साधा भाग नाही. शिमोन बार योखाय मृत्युशय्येवर आहे आणि शेवटचं गुपित सांगतोय. त्यात देवाचं मस्तक, चेहरा, दाढी यांचं वर्णन येतं. जाणकाराला ती प्रतीकं आहेत. पण चहाच्या दुकानात पान उलटणाऱ्याला? देवाला शरीर नाही हा ज्यू धर्माचा पाया. तो माणूस शब्दशः घेईल, ही धर्मगुरूंची भीती. त्यात छापणारा थिऑसॉफिस्ट. म्हणजे संशय दुप्पट.

मला ती भीती खोटी वाटत नाही. पण माझी सहानुभूती इझिकेलकडे जाते, हेही सांगून टाकतो. ज्या भाषेत माणूस आईशी भांडतो, त्या भाषेत त्याला आपल्या धर्माचं पुस्तक वाचावंसं वाटणं यात गुन्हा काय?

हेच भांडण शंभर-सव्वाशे वर्षं आधी पूर्व युरोपात झालं होतं, वेगळ्या रूपात. आजच्या युक्रेनच्या भागात बाल शेम तोव नावाचा गुरू होता, 1760 मध्ये वारला. त्याच्यापासून हसिदी पंथ सुरू झाला. त्यानं ग्रंथाचं भाषांतर केलं नाही, ग्रंथाचा मतितार्थच गोष्टींमध्ये आणि गाण्यांमध्ये उतरवला. ठिणग्या सगळीकडे आहेत ना? मग जेवताना, बाजारात, नाचतानाही त्या सोडवता येतात. देवाला चिकटून राहणं, ‘द्वेकुत’, हे पंडिताचं काम राहिलं नाही, गाडीवानही ते करू शकतो. वारकऱ्यांना हे पटकन समजेल. विरोध झालाच. 1772 मध्ये विल्नाच्या पंडितांनी हसिदींना बहिष्कृत केलं. त्यांच्यातले एक गुरू, श्नेउर झाल्मान, विरोधकांच्या तक्रारीवरून 1798 मध्ये रशियात तुरुंगात गेले. सुटून आले, आणि त्यांचा पंथ वाढतच गेला.

त्या पंथाचं नाव खबाद. होख्मा, बिना, दआत, म्हणजे प्रज्ञा, आकलन आणि ज्ञान, यांची आद्याक्षरं. नाव ओळखीचं वाटतंय? आपल्या वर्तमानपत्रांत ‘छाबड हाऊस’ असं छापून येतं ते. कुलाब्यातलं नरिमन हाऊस, 26 नोव्हेंबर 2008. त्या रात्री टीव्हीवर आपण सगळे ते नाव ऐकत होतो, आणि त्याचा अर्थ आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हता.

आता परत पुण्यात. बंदीनंतरही झोहर काही थांबला नाही. आज त्याची इंग्रजी भाषांतरं तुमच्या फोनवर दोन मिनिटांत उघडतात. इझिकेलच्या पुस्तकाचं मात्र वेगळंच झालं. स्वातंत्र्यानंतर बगदादी कुटुंबं बहुतेक इंग्लंड, इस्राएल, ऑस्ट्रेलियाकडे गेली. त्यांच्या नातवंडांची भाषा इंग्रजी किंवा हिब्रू. सगळ्यांना कळावं म्हणून ज्या हिब्रू लिपीतल्या अरबीत त्यानं ते छापलं, ती वाचणारे आता अरामी वाचणाऱ्यांपेक्षाही कमी असतील.