गाडीचं तोंड

ट्रकच्या पाठीमागे काय काय लिहिलेलं असतं, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून आणि बोलून झालं आहे. पुढच्या बाजूकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही. कारण साधं आहे. ट्रकच्या मागे आपण घाटात तासभर अडकतो, पुढून तो क्षणात निघून जातो. मला आज बोलायचं आहे ते या पुढच्या बाजूबद्दल. बंपर, जाळी, दिव्यांच्या चौकटी, काच आणि काचेवरची ती रंगीत कमान. धंद्यातली माणसं पुढच्या पत्र्याला 'शो' म्हणतात. 'शो गेला', 'नवा शो टाकला' अशी त्यांची भाषा. हा शब्द मी लहानपणीच शिकलो, कारण आमच्या वडिलांची, दादांची, गाडी होती आणि ते स्वतःच ती चालवत.

पुणे-बंगलोर रस्त्यावर कराडच्या अलीकडे आमचं गाव. रस्त्याच्या कडेला उभं राहून गाड्या मोजणं हा आम्हा पोरांचा खेळ. त्यात मधूनच एक विलक्षण दृश्य दिसायचं. एकामागून एक नव्या कोऱ्या चासी चाललेल्या असायच्या. इंजिन, बॉनेट, स्टिअरिंग, चाकं आणि मागे नुसत्या दोन लांबलचक लोखंडी तुळया. केबिन नाही, दार नाही, पुष्कळदा समोर काचसुद्धा नाही. फळीवर बसलेला ड्रायव्हर, तोंडाला मफलर, डोळ्यांवर गॉगल. शेकडो मैल तो असाच जायचा, पाऊस आला तर भिजायचा. आम्हाला तो विमान चालवणाऱ्यासारखा वाटे. त्याला थंडी वाजत असेल, हे आमच्या डोक्यातही येत नसे.

आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण आपल्याकडे कित्येक दशकं बहुतेक ट्रक कारखान्यातून असेच, चेहऱ्याशिवाय बाहेर पडत. कंपनी चासी विकायची. तिच्यावर केबिन आणि हौदा बांधून घेण्याचं काम मालकाचं. ऊस वाहायचा की सिमेंट, फळं की गुरं, यावर हौदा ठरणार, तेव्हा तो ज्याचा त्यानं बांधलेला बरा, हा त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. शिवाय रस्त्याकडेच्या शेडमध्ये बांधलेली बॉडी कारखान्यातल्यापेक्षा स्वस्त पडे. पण हौद्याचा न्याय केबिनलाही लावला गेला. माल कुठे बसणार आणि माणूस कुठे बसणार, दोन्ही एकाच मिस्त्रीच्या हाती आलं.

या गोष्टीची मुळं मुंबईत आहेत. १९२८ मध्ये जनरल मोटर्सनं शिवडीला परदेशातून सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं विकायला काढलेल्या फोर्ड आणि शेवरोलेट गाड्या खासगी मालकांच्या हाती आल्या आणि त्यांच्यावर देशी हौदे चढले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली होती. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. पुढे सरकारनं ठरवलं, की ज्यांना इथे गाड्या बनवायच्या आहेत त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनीही गाशा गुंडाळला. त्याच सुमाराला, १९५४ मध्ये, टेल्कोनं जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि सहा महिन्यांच्या आत जमशेदपूरहून पहिला ट्रक निघाला. गोल बॉनेटचा, नाक पुढे काढलेला, जाळीवर तीन पात्यांचा तारा.

दादांनी १९७४ मध्ये घेतलेली पहिली गाडी हीच, टाटा-बेंझ. अर्थात जुनी, तिच्या तिसऱ्या मालकाकडून. करार १९६९ मध्ये संपल्यावर नव्या गाड्यांवर ताऱ्याच्या जागी वर्तुळातलं टी अक्षर आलं होतं. त्यामुळे ताऱ्याच्या गाडीला वेगळाच मान होता. मोडीत निघालेल्या गाडीचा तारा काढून नव्या गाडीवर बसवणारे मालक मी पाहिले आहेत. दादा दर शनिवारी तारा चिंचेनं घासायचे. आई म्हणायची, "देवाची भांडी राहिली, तारा तेवढा झाला."

१९८१ मध्ये दादांनी या गाडीचं तोंड बदललं. इंजिन ठीक होतं, टायर गेले होते, हौद्याच्या फळ्या कुजल्या होत्या. तरी पैसे आधी शोवर गेले. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला शहाणपणा सुचला. मी विचारलं, "दादा, टायर आधी नको का?" ते म्हणाले, "टायर बघायला कोण वाकतंय? गाडी म्हातारी दिसली की भाडं पाडून मागतात." ते खरं होतं. गुळाच्या बाजारात ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसासमोर गाड्या रांगेत उभ्या असत आणि व्यापारी लांबूनच गाडी पसंत करी. कर्ज देणारा शेठसुद्धा आरसी बुकातलं साल वाचण्याआधी समोरून एक फेरी मारी. कागदावरचं वय बदलता येत नव्हतं, म्हणून चेहऱ्यावरचं बदलायचं. यात फसवणूक किती आणि पोटापाण्याची गरज किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

गावाबाहेरच्या शेडमध्ये गाडी महिनाभर उभी होती. एक सुतार, एक वेल्डर, एक डेंटर आणि शेवटी पेंटर. या सगळ्यांवर मिस्त्री. त्याच्याकडे नकाशा नव्हता. पुठ्ठ्याचे आणि पातळ पत्र्याचे फर्मे होते, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले. फर्मा पत्र्यावर ठेवायचा, खडूनं रेघ मारायची, कातरीनं कापायचं आणि लाकडी ठोकळ्यावर हातोडीनं बाक द्यायचा. केबिनचे खांब बाभळीचे, वरून पत्रा ठोकलेला. समोर दोन सपाट काचा आणि मधे दांडी, कारण बाकदार अखंड काच परवडण्यासारखी नव्हती. नवी जाळी, नव्या मडगार्डांत बसवलेले दिवे आणि काचेवर टिनची कमान. बॉनेट तेच राहिलं आणि ताराही राहिला. पेंटरनं कमानीवर मधोमध तुळजाभवानी काढली, दोन्ही बाजूंना मोर. बंपरवर काळ्या-पिवळ्या तिरक्या पट्ट्या आणि खाली लिंबू-मिरचीसाठी एक आकडा. त्या आकड्यासाठीही वेगळे दोन रुपये लागले होते.

आपल्याकडे हे असं, तर सीमेपलीकडे आणखी वरताण. पाकिस्तानात बेडफर्ड गाड्यांवर काचेच्या वर जो भला थोरला नक्षीदार भाग उभारतात त्याला 'ताज' म्हणतात. बेडफर्ड आपल्याकडेही हिंदुस्थान मोटर्सनं बनवली, पण आपला मिस्त्री तेवढा उंच कधी गेला नाही. आमच्या घाटातले बोगदे आणि वर लोंबणाऱ्या वडाच्या पारंब्या पाहता ते बरंच झालं.

मग नाकाची गाडी मागे पडू लागली. तेवढ्याच लांबीत बॉनेट पुढे काढण्याऐवजी इंजिन केबिनच्या आत घेतलं, की हौदा लांब होतो आणि माल जास्त बसतो. अशा सपाट तोंडाच्या गाड्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाढत गेल्या. इंजिन आता ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधे आलं. बॉनेटवर गोधडी टाकून लोक प्रवास करत, थंडीत ते सुखाचं असे. मे महिन्यात तीच केबिन भट्टी होई. आणि दुसरी एक गोष्ट झाली, जी तेव्हा कोणी मोठ्यानं बोललं नाही. नाकाच्या गाडीत ड्रायव्हरच्या पुढे चार फूट लोखंड होतं. सपाट गाडीत पत्रा, काच आणि लगेच गुडघे.

दादांनी १९८६ मध्ये अशी एक नवी चासी घेतली. तिची केबिनही त्याच शेडमध्ये झाली. या वेळी शो आणखी झोकदार होता. चकचकीत स्टीलचा बंपर, चार जादा दिवे, काचेवर निळी पट्टी. सीट मात्र तीच, फळीवर काथ्याची गादी.

१९९१ च्या जानेवारीत, पहाटे तीनच्या सुमाराला, रस्त्यात बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर ती मागून आदळली. ट्रॉलीला ना दिवा ना लाल कापड. वेग फार नव्हता, दादांनी ब्रेक दाबला होता. पण बंपर आत वळला, बाभळीचा खांब मधोमध चिरला आणि पूर्ण शो सीटवर येऊन बसला. पहारी घालून त्यांना बाहेर काढायला दोन तास लागले. उजवा गुडघा कायमचा गेला. क्लीनर पोरगा मागच्या फळीवर झोपला होता म्हणून वाचला. तो माझ्याच वर्गातल्या मित्राचा धाकटा भाऊ होता आणि पुढे कधी गाडीत चढला नाही.

मला सर्वांत जास्त आठवतं ते यानंतरचं. प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून दादांनी मिस्त्रीला घरी बोलावलं आणि नव्या शोचा रंग ठरवला. मी संतापून बाहेर गेलो. आज वाटतं, ती गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती देऊन तिच्यावर घर चालवायचं होतं, आणि मोडक्या तोंडाच्या गाडीला भाडं कोण देणार होतं? पण तो दुसरा ड्रायव्हरही त्याच बाभळीच्या मागे बसणार होता, हेही तितकंच खरं. त्या वेळी मी हे बोललो नाही.

पर्याय नव्हता असं नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला जपानी कंपन्यांच्या सहकार्यानं छोटे ट्रक आले, डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी. ते कारखान्यातल्या पोलादी केबिनसह येत. त्यांना उत्तर म्हणून १९८६ मध्ये टेल्कोनं पुण्याहून ४०७ काढली. तयार केबिनमध्ये बसल्यावर काय वाटतं, ते ड्रायव्हरांना तेव्हा कळलं. मोठ्या गाड्यांना मात्र बराच वेळ लागला. २००९ मध्ये टाटांची प्रायमा आली, २०१२ मध्ये भारतबेंझ. ज्या डेमलरचा तारा १९६९ मध्ये उतरला होता, तीच कंपनी त्रेचाळीस वर्षांनी दुसऱ्या नावानं आणि संपूर्ण केबिन घेऊन परत आली.

कायदाही सावकाश आला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मनमानी बदल करायला बंदी आहेच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रालयानं राज्यांना लिहून पुढे बसवलेल्या जाड नळ्यांच्या गार्डांवर कारवाई करायला सांगितलं. हे गार्ड मालकाला संरक्षण वाटतं, प्रत्यक्षात धडकेचा जोर ते सरळ चासीत नेतं आणि समोर माणूस आला तर त्याची हाडं मोडतं. पुण्याच्या एआरएआयकडून प्रसिद्ध झालेल्या ट्रक-बॉडीच्या संहितेत केबिन कशी असावी हे लिहिलेलं आहे. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं. दादांना हे सांगितलं असतं तर ते हसले असते.

मागच्या दिवाळीत मी त्या शेडवर गेलो होतो. मिस्त्री आता ऐंशीच्या पुढे आहेत. मुलगा काम बघतो. बाभूळ गेली, आता फायबरचे व्हायझर, तयार जाळ्या आणि एलईडी पट्ट्या. सगळं खोक्यात येतं, इथे फक्त स्क्रू पिळायचे. भिंतीवर मात्र काही जुने फर्मे होते, वाळवीनं खाल्लेले. त्यातला एक मिस्त्रींनी काठीनं दाखवला. म्हणाले, "हा तुझ्या दादाच्या गाडीचा." त्याच्या खालच्या कडेला खडूची आडवी रेघ होती, पुसट झालेली. ती कशाची, मी विचारलं.

"अँगल," ते म्हणाले. दादांच्या अपघातानंतर त्यांनी प्रत्येक केबिनला शोच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर, एक आडवा लोखंडी अँगल टाकायला सुरुवात केली होती. मी विचारलं, त्याचे किती घेत होता?

"त्याचे कोण देणार? रंगाखाली दिसत नाही ते," मिस्त्री म्हणाले आणि मुलाला हाक मारून चहा सांगितला.