बाळंतिणीच्या जिवाचा जाब

सतराव्या शतकात लंडनच्या चेंबरलेन घराण्याजवळ अडलेल्या बाळंतिणीस सोडविणारा चिमटा होता. शंभर वर्षांहून अधिक काळ त्यांनी तो घरचे गुपित म्हणून जपला. त्यांची हत्यारे १८१३ साली एसेक्समधील एका घरात फळ्यांखाली दडविलेली सापडली. चिमट्याने बाळे वाचली, तशी दुखावलीही, आणि कित्येक माता आतून फाटल्या. हत्यारच लपविलेले असेल तर इजेचा जाब कोणाला विचारायचा?

आमच्या ख्रिस्तसभेकडेही बोट दाखविणे भाग आहे. संकटकाळी अर्भकास स्नानसंस्कार कसा द्यावा हे आम्ही सुइणींना शिकवीत आलो. आईच्या देहाची विद्या मात्र आमच्या धर्मभगिनींना दीर्घकाळ वर्ज्य होती. ती बंदी रोमने उठविली फेब्रुवारी १९३६ मध्ये. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. ॲना डेंगल यांनी रावळपिंडीत पडद्यातील स्त्रियांचे हाल प्रत्यक्ष पाहिले होते.

जाब विचारण्याचा हा प्रश्न मराठवाड्यातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) आणि औरंगाबाद हे पूर्वी एकाच निजामी राज्यातील जिल्हे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १० जुलै १९६३ रोजी एक स्त्री बाळंत झाली, मुलगा झाला. येथे चिमट्याचा संबंध नव्हता. तीन दिवसांनी तिची संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली आणि रक्त टिपण्याचा टॉवेल पोटातच राहिला. ताप चढला, वेदना वाढल्या. पोट पुन्हा उघडून तो काढला, तरी २४ जुलैला ती गेली.

पतीने दावा लावला. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले; उच्च न्यायालयाने तो हुकूमनामा फिरविला. सरकारी रुग्णालयातील चुकीबद्दल राज्यावर दायित्व येत नाही, असे त्याचे मत पडले. गरिबाने मग जावे कोठे, हे आम्हांला तरी उमगत नाही! रुग्णालय चालविणे हे काही सार्वभौम सत्तेचे कृत्य नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी स्पष्ट केले. टॉवेल आत राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा मानला गेला.

या निकालाचे मोल धाराशिवच्या खेड्यांतील स्त्रियांना अधिक. कारण त्याआधी तीनच महिने, नोव्हेंबर १९९५ मध्ये, त्याच न्यायालयाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणले होते, परंतु सर्वांवर फुकट उपचार करणारी रुग्णालये त्यातून वगळली होती. अशा ठिकाणी बाळंत होणारीला दिवाणी दाव्याचाच मार्ग उरला, आणि तो या निकालाने मोकळा झाला. नुकसानभरपाई तीच राहिली, ३६,००० रुपये. जुलै १९६३ मध्ये जन्मलेला तो मुलगा तोवर बत्तीस वर्षांचा झाला असेल.