तिळातलं तेल की कुंभाराचा घट? : मुंबई क्रिकेटमधली गुणवत्तेची पारख

सकाळी कांदिवली स्टेशनवर एक दृश्य आपण सगळ्यांनीच पाहिलंय. दहा-अकरा वर्षांचा मुलगा, पाठीवर त्याच्याएवढीच किट बॅग, शेजारी डबा धरून उभी असलेली आई. चर्चगेट लोकल पकडायची, आझाद मैदान गाठायचं. कारण तिथे आज त्याला कुणीतरी 'बघणार' आहे. हे 'बघणं' म्हणजे नेमकं काय, त्याचा थोडा इतिहास आज मांडतो.

मुंबईत ही पारख शालेय क्रिकेटपासून सुरू झाली. हॅरिस शील्ड आणि जाईल्स शील्ड या स्पर्धांना शतकाहून मोठी परंपरा आहे. तिथे न्यायाधीश एकच, धावफलक. पण केवळ धावांवर विसंबणं धोक्याचं, हेही जुन्या जाणत्यांना कळत होतं. 1948 मध्ये कांगा लीग सुरू झाली ती भर पावसाळ्यात, उघड्या, ओल्या खेळपट्ट्यांवर. चेंडू कधी उसळे, कधी सरपटत जाई. शाळकरी पोरगा तिथे मोठ्या, मुरलेल्या गोलंदाजांसमोर उभा राही. शाळेतल्या शतकाची ती फेरतपासणीच होती म्हणा ना.

आता फेब्रुवारी 1988 आठवा. आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अखंड भागीदारी केली. हे सगळ्यांना पाठ आहे. पण पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून होता, त्याची पाळीच आली नाही. तो अमोल मुझुमदार. पुढे 1993-94 च्या हंगामात रणजी पदार्पणातच त्याने 260 धावा केल्या. प्रथम श्रेणीत 11 हजारांहून अधिक धावा जमवल्या. भारताकडून कसोटी मात्र एकही नाही. त्याची गुणवत्ता कुणी ओळखली नाही, असं म्हणता येत नाही. ओळखली होती सगळ्यांनी. पण मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण आणि स्वतः सचिन. जागाच नव्हती!

उलट बाजू बघा. जानेवारी 2016, कल्याण. प्रणव धनावडेने एका डावात नाबाद 1009 धावा केल्या. जगभर बातमी झाली. पण समोरच्या संघाचा पहिला डाव 31 धावांत आटोपला होता, हे किती जणांनी वाचलं? त्या आकड्याने मुंबईच्या वरिष्ठ संघाचं दार काही उघडलं नाही. यात त्या मुलाचा दोष शून्य. आकड्याला भविष्यवाणी आपण मानलं.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये हाच प्रश्न शंभर वर्षं घोळतोय. 1920 च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी गावोगावचे छोटे संघ हाताशी धरले आणि पोरं तिथे तयार करून वर आणायची पद्धत बसवली. नावही शेतीचंच, 'फार्म सिस्टीम'. तिथले पारखी खेळाडूला 20 ते 80 च्या मापात गुण देतात, आणि एकेका कौशल्याला दोन आकडे मांडतात : आज कसा आहे, आणि उद्या कसा होईल. मला हा दुसरा आकडा फार मोलाचा वाटतो. कारण 'आज' आणि 'उद्या' या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तो निदान कबूल करतो.

आता माझ्या विषयाकडे येतो. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीच असतं. तेल तिळातच असतं, घाणा ते फक्त बाहेर काढतो. नैयायिक म्हणतात, नाही बुवा. घडा मातीत आधी नसतो. माती लागते, तसाच कुंभार, त्याचं चाक, त्याचा दंडही लागतो. आपण मुलांना बघतो ते सांख्यांसारखं. 'त्याच्यात आहे' किंवा 'त्याच्यात नाही', विषय संपला.

पण बोरिवलीचं उदाहरण घ्या. प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत रोहित शर्मा भरला तो ऑफस्पिनर म्हणून! शाळेची महिन्याची 275 रुपये फी घरच्यांना परवडणारी नव्हती, ती लाडसरांनी माफ करून घेतली. फलंदाज पुढे घडला. पहिला अंदाज अपुरा होता, पण मुलगा मैदानावर टिकला आणि अंदाज सुधारायला वेळ मिळाला. ती फीमाफी हे कुंभाराचं चाक होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : पारख करणाराही कारणांपैकी एक कारण असतो. ज्याला 'आहे' म्हणतो त्याला नेट मिळतं, चेंडू मिळतात, सामने मिळतात. 'नाही' म्हटलं की सगळं थांबतं, आणि मग आपणच म्हणतो, बघा, बरोबर ओळखलं होतं!

मीही यातून सुटलेलो नाही. शिकवत असताना एका विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात मी 'मध्यम' असा शेरा मारला होता. दोन मिनिटांचं काम. त्याने पुढे तो विषयच सोडला. तो खरंच मध्यम होता का? आता ते तपासायला काही उरलेलं नाही.

अमोल मुझुमदार प्रशिक्षक असताना, 2 नोव्हेंबर 2025 रोजी, नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला. आयुष्याने त्याला उशिरा का होईना, दुसरा डाव दिला. कांदिवली स्टेशनवरच्या त्या पोरालाही आज शून्यावर बाद झाल्यावर पुढचा सामना मिळायला हवा. तेवढं आपल्या हातात आहे.