अडलेले बाळंतपण आणि मुसळाचा वाद

‘पायाळू’ हा शब्द आपल्या बोरगाव-सौंसर भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पायाकडून जन्मलेल्या माणसाची लाथ लागली की भरलेली कंबर मोकळी होते, असे मानणारे आजही भेटतात. लाथेचे काय असेल ते असो. पण मूल पोटात कसे आहे यावर आईचा जीव अवलंबून असतो, हे जुन्या बायका पक्के जाणून होत्या.

सुश्रुताने अडलेल्या गर्भाला ‘मूढगर्भ’ म्हटले आणि त्याचे प्रकार सांगितले. त्यातला एक ‘परिघ’, म्हणजे दाराच्या अडसरासारखे आडवे अडकलेले मूल. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, तर चक्क एक वाद नोंदला आहे. कळा येतात पण प्रसूती होत नाही, अशा वेळी बाईने उठावे, मुसळ घेऊन धान्य भरलेल्या उखळात कांडावे, मधूनमधून जांभया द्याव्यात, फिरावे, असे काही आचार्यांचे मत. आत्रेयांना ते मान्य नाही. अशा नाजूक वेळी मुसळाचे कष्ट जिवावर बेततील, फिरणे व जांभई मात्र चालेल, असे ते म्हणतात. मूल खाली उतरल्यावरच पलंगावर घ्यायचे. म्हणजे भांडण मुसळाचे होते. चालण्याबद्दल दोन्ही पक्ष एकच.

खेड्यातली सुईण हे ग्रंथ वाचून आली नव्हती. ती बाईला उकिडवी बसवी, धरायला दोर किंवा खांब देई. 1882 साली एंगलमन या अमेरिकन डॉक्टरने जगभरच्या अशा चालींवर पुस्तकच लिहिले. चारच वर्षांनी, 1886 मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेल्या बाईने हा विषय घ्यावा, यातच सगळे आले.

उताणे निजवण्याची रीत युरोपात सतराव्या शतकात फ्रेंच वैद्य मोरिसो यांच्यामुळे रुळली. त्यात डॉक्टरला हाताळायला सोपे जाते. आपल्याकडे लेडी कर्झन यांनी 1903 च्या सुमारास सुईणींच्या शिक्षणासाठी निधी उभारला. स्वच्छतेचे ते शिक्षण हवेच होते. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने कितीतरी बाळे जात. आणि खरे बोलायचे तर आडवे मूल सुईणीच्या हातून नेहमी सुटतही नव्हते. तिथे शस्त्रक्रियाच लागते.

मूल आडवे नाही, डोके खालीच आहे, पण डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे आहे, अशा बाळंतपणात कळा पाठीत येतात व वेळ लागतो. बहुतेक बाळे आपोआप फिरतात. आई हातापायांवर ओणवी झाली तर पाठदुखी कमी होते, असे अभ्यासांत दिसले. बाळ त्यानेच फिरते, हे मात्र ठामपणे सिद्ध झालेले नाही. उकिडवे बसल्याने कटीचा खालचा मार्ग थोडा रुंदावतो.

2005 च्या जननी सुरक्षा योजनेनंतर आपल्या बायका दवाखान्यात जाऊ लागल्या, हे चांगलेच झाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सांगितले की गुंतागुंत नसेल तर कळांच्या वेळी बाईला हिंडूफिरू द्यावे, आणि बाळंत होताना कसे बसायचे ते तिने ठरवावे. दवाखान्याच्या नोंदवहीत तारीख, वेळ, बाळाचे वजन लिहितात. आई कशी बसली होती, हे लिहायला त्यात रकाना नसतो.