अलेक्सिथायमिया आणि जुनाट वेदना

स्वतःच्या भावना ओळखणे व त्या शब्दांत मांडणे जड जाण्याच्या स्वभावविशेषाला मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निऑस यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी अलेक्सिथायमिया हे नाव दिले. फायब्रोमायाल्जियासारख्या जुनाट वेदनांच्या रुग्णांत तो सर्वसामान्यांपेक्षा अधिक आढळतो. आखडलेली मान हा दाबलेला संताप आहे हे उमगले नाही, तर ती नुसते दुखणे म्हणूनच जाणवत राहते, असे त्याचे एक स्पष्टीकरण. आक्षेप मात्र वजनदार आहेत. नैराश्य हिशेबात धरले की हा संबंध बराच सैल पडतो. शिवाय अलेक्सिथायमिया मोजणाऱ्या टोरांटो मापनश्रेणीच्या २० विधानांपैकी एक डॉक्टरांनाही न उलगडणाऱ्या शारीरिक संवेदनांविषयीच आहे, म्हणजे वेदनाग्रस्ताचे गुण आपसूक वाढणार! वर्षानुवर्षांची वेदनाच भावनांची जाण बोथट करत असेल, हेही नाकारता येत नाही. तरी संबंध निव्वळ मापनदोष ठरत नाही: काही अभ्यासांत तो वेदनेच्या संवेदनेपेक्षा तिच्या क्लेशदायक बाजूशी अधिक जुळलेला दिसतो.