आता येत नाही

चाकू मिटतो, सुरी मिटत नाही. आमच्या घरात या दोन शब्दांच्या हद्दी ठरलेल्या होत्या. सुरी स्वयंपाकघरात, विळीच्या शेजारी, आईच्या ताब्यात. चाकू वडिलांच्या खिशात. दोन पाती, शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. पेन्सिलीला टोक, पार्सलची सुतळी, प्रवासात पेरू, एवढी त्याची कामं. आईनं त्या चाकूनं कधी कांदा चिरला नाही आणि वडिलांनी पेरूसाठी कधी सुरी मागितली नाही. आज दुकानात दोन्हींना चाकूच म्हणतात, स्वयंपाकघरातल्या सुरीलाही. सुरी हा शब्द मागे पडतो आहे, आणि चाकूनं त्याची जागा घेताना स्वतःचा मूळ अर्थ गमावला आहे. मला जास्त रुखरुख त्या दुसऱ्या गोष्टीची वाटते.

चाकू हा शब्द आपल्याकडे फार्सीतून आला आणि फार्सीत तो तुर्कीतून गेला. चकमक, तोफ, कैची हे शब्दही त्याच वाटेचे प्रवासी. तुर्कीत आजही साध्या सुरीला ‘बिचाक’ म्हणतात. ‘चाकी’ म्हणजे खिशातला, घडीचा. फार्सीत मोठ्या, न मिटणाऱ्या हत्याराला ‘कार्द’ हा वेगळा शब्द होता, आणि ‘चाकू’ म्हणजे ज्याचं पातं मुठीत जाऊन बसतं तो, लेखणी तासायचा. इराणमधलं झंजान हे शहर अशा चाकूंसाठी नावाजलेलं आहे. म्हणजे घडी हा चाकूचा एखादा प्रकार नव्हे, ती त्या शब्दाच्या पोटातच आहे. वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण शब्द ते नेमका वापरत होते.

सुरीचं कूळ निराळं. संस्कृत क्षुर म्हणजे वस्तरा. ग्रीकमधला ‘क्षुरॉन’ हा त्याचा सख्खा भाऊ, अर्थही तोच. क्षुरावरून क्षुरिका, तिची प्राकृतात छुरिआ आणि मराठीत सुरी. हिंदीनं छुरीतला छ ठेवला, मराठीनं त्याचा स केला. संस्कृतातल्या क्ष चं असं अनेकदा झालं आहे : हिंदीत खेत, मक्खी, कोख, तर आपल्याकडे शेत, माशी, कूस. पण त्याच क्षुरापासून निघालेल्या क्षुरप्र या शब्दाचं मराठीत खुरपं झालं, तिथे ख आला. महाभारतात क्षुरप्र हा धारदार फाळाचा बाण आहे. रणांगणावरून निघालेला तो शब्द आज भाजीच्या वाफ्यात तण काढतो आहे. आणि न्हाव्याकडच्या क्षौरात मूळ क्षुराचा क्ष जसाच्या तसा आहे. घरातली सुरी, शेतातलं खुरपं आणि न्हाव्याचं क्षौर ही एकाच आजोबांची नातवंडं. चाकू यांच्यात पाहुणा म्हणून आला, आणि आज सुरीच्याच घरात मालक होऊन बसला आहे.

चाकूचे भाग मात्र सगळे इथलेच. मुष्टीची मूठ झाली. धारा म्हणजे पाण्याचा ओघ आणि शस्त्राची कडाही. संस्कृतात दोन्ही अर्थ आहेत आणि मराठीत दुधाची धार व सुरीची धार आपण अजून एकाच शब्दानं सांगतो. लोहार पोलादाला ‘पाणी देतो’. तापवलेलं पोलाद विझवून कडक करणं म्हणजे पाणी देणं. ते नीट बसलं नाही तर धार टिकत नाही. माणसाला पाणीदार म्हणतो ते या पाण्याला धरून.

सगळ्यांत जीव गुंततो तो ‘पातं’ या शब्दात. संस्कृत पत्र म्हणजे पान, त्यावरून पातं. गवताचं पातं, चाकूचं पातं आणि डोळ्याचं पातं. पातं लवतं न लवतं तोच, असं म्हणताना आपण पापणीबद्दल बोलत असतो. मग क्रियापद बघा. डोळा मिटतो, कमळ मिटतं, छत्री मिटते आणि चाकूही मिटतो. चाकू बंद कर असं वडील कधी म्हणाले नाहीत; चाकू मीट, असंच म्हणायचे. पेटी बंद होते, दार बंद होतं, पण ज्याला पातं आहे ते मिटतं. घडीच्या चाकूसाठी मराठीनं वेगळा शब्द घडवला नाही, पापणीचं नाम आणि पापणीचंच क्रियापद त्याला देऊन टाकलं. यापेक्षा अचूक वर्णन मला सुचत नाही.

पातं ज्या जोरानं मिटतं तो जोर पाठीमागच्या पोलादी पट्टीचा. तिला आपल्याकडे कमानी म्हणतात. फार्सी कमान म्हणजे धनुष्य. पातं उघडताना ती पट्टी वाकते, आणि उघडून झालं की सरळ होऊन त्याला धरून ठेवते. घड्याळातली कमानीही हीच, वाकवलेल्या पोलादाची सरळ व्हायची ओढ.

वडिलांच्या चाकूसारखा दुसरा मिळावा म्हणून मी एकदा बाजारात हिंडलो. एका जुन्या दुकानदारानं तो हातात घेतला, दोनदा उघडून मिटला आणि म्हणाला, “हा आता येत नाही.” कारखान्यानं बनवणं थांबवलं, माल संपला, ही सगळी हकीकत मराठी दुकानदार एवढ्या चार शब्दांत सांगतो. जणू वस्तू स्वतःहून यायची, पाऊस यावा तशी, आणि आता तिनं यायचं सोडलं.

जगभर घडीच्या चाकूंचे शौकीन आहेत आणि त्यांचा जीव बहुधा अशा न येणाऱ्यांतच अडकलेला असतो. फ्रान्सच्या साव्हॉय भागातला ओपिनेल घ्या. 1890 मध्ये जोसेफ ओपिनेलनं तो घडवला, पुढे आकारानुसार 1 ते 12 क्रमांक दिले. 1930च्या दशकात 1 आणि 11 बंद केले. 1 फारच चिमुकला होता आणि 11 हा 10 आणि 12 यांच्या फार जवळचा. पण बाकीच्यांचे क्रमांक कुणी बदलले नाहीत, आणि 10 नंतर 12 म्हणताना गेलेल्या 11ची आठवण निघतेच. ओपिनेल हे आडनाव पुढे सामान्यनाम झालं आणि 1989 मध्ये लारूस या फ्रेंच कोशात शिरलं. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचं नावही असंच उकलण्याजोगं : संस्थापक कार्ल एल्सनरची आई व्हिक्टोरिया, आणि न गंजणाऱ्या पोलादासाठीचं ‘इनॉक्स’. आईचं नाव आणि पोलाद यांचा असा समास मला दुसरा माहीत नाही. स्विस सैन्याला चाकू पुरवणारी दुसरी कंपनी होती वेंगर. ती 2005 मध्ये व्हिक्टोरिनॉक्सनं घेतली, काही वर्षांनी चाकूंवरून वेंगर हे नाव गेलं, आणि तेव्हापासून लोक ते नाव कोरलेले चाकू शोधू लागले. अमेरिकेत श्रेड बंधूंनी 1904 मध्ये सुरू केलेली कंपनी 2004 मध्ये बंद पडली. नाव विकलं गेलं, ते लावलेले चाकू चीनमधून येऊ लागले. शौकीन मात्र जुन्या कारखान्याचा शिक्काच मागतात.

शौक या शब्दाचा आपण आवड असा सौम्य अर्थ करतो. मूळ अरबीत शौक म्हणजे ओढ, जे जवळ नाही त्याची तळमळ. दुकानात शेकड्यांनी मिळणारा चाकू आवडू शकतो. त्याचा शौक, मूळ अर्थानं, तो यायचा थांबल्यावरच सुरू होतो.

आपल्या देशातल्या रामपुरीचं हेच झालं. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा, खटक्याचा, लांब पात्याचा चाकू. हिंदी चित्रपटांनी त्याला इतकं गाजवलं की विशेषणाचं नाम झालं; रामपुरी म्हटलं की पुढे चाकू म्हणावं लागत नाही. 1990च्या दशकात तिथल्या सरकारनं साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी घातली आणि कारागिरांची घरं एकेक करून या कामातून गेली. गुंडाच्या हातातली रामपुरी सगळ्यांच्या लक्षात राहिली. ती घडवणारा, कमानीला पाणी देणारा हात कुणाच्या लक्षात राहिला नाही, आणि ही गोष्ट मला फार खुपते.

अमेरिकेतले चाकूंचे शौकीन चांगल्या कमानीच्या चाकूत दोन गुण बघतात, ‘वॉक’ आणि ‘टॉक’. पातं अडखळल्याविना, पण जोर घेऊन फिरावं हा पहिला. शेवटी खट् असा स्वच्छ आवाज यावा हा दुसरा. वडिलांच्या चाकूला मी दर दिवाळीत तेलाचा एक थेंब देतो. शिंगाला चीर गेली आहे, मोठं पातं धार लावून लावून अरुंद झालं आहे. परवा भाचीच्या पेन्सिलीला टोक करायला तो काढला. पातं मिटताना झालेला आवाज ऐकून तिनं विचारलं, “मामा, हा बोलतो का?” मी तिला म्हटलं, बोलतो की, चालताबोलता आहे अजून.