न थांबणारा निरोप

दाराची विजेची घंटा वाजली कीं आपण उठतों आणि दार उघडतों. पाहुण्याचें बोट कळीवरून निघालें कीं घंटाही थांबते. पण समजा, ती कळ आंतच अडकून बसली आणि घंटा रात्रंदिवस वाजूं लागली, तर त्या घराची काय अवस्था होईल? आपल्या शरीरांतील पेशींनाही अशा घंटा आहेत. ‘वाढ, दुभाग’ असा निरोप बाहेरून येतो. पेशीच्या आवरणावर तो घेतला जातो आणि एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, असा हातोहात पेशीच्या केंद्रापर्यंत पोंचतो. काम झालें म्हणजे निरोप मिटतो. तो मिटेनासा झाला तर काय होतें, आणि तो मिटवावा कसा, हें उमजावयास जवळजवळ नव्वद वर्षें लागलीं. त्या नव्वद वर्षांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

तिचा आरंभ होतो एका कोंबडीपासून. १९०९ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत पेटन राऊस ह्या तरुण संशोधकाकडे छातीवर गांठ आलेली एक कोंबडी आणण्यांत आली. त्यांनीं ती गांठ वाटली, तिचा अर्क एकही पेशी वा जंतु पार जाणार नाहीं अशा गाळणींतून गाळला आणि तो निरोगी कोंबड्यांना टोंचला. त्यांनाही तशाच गांठी आल्या! १९११ मध्यें त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. पण कोंबडीच्या रोगाचा माणसाशीं संबंध काय, असें म्हणून बहुतेकांनीं तिकडे दुर्लक्ष केलें. राऊस यांना नोबेल पारितोषिक मिळालें तें १९६६ सालीं. तेव्हां ते ८७ वर्षांचे होते.

त्या अर्कांत एक विषाणु होता, व त्या विषाणूंत रोग निर्माण करणारें एक जनुक होतें. १९७६ सालीं बिशप आणि वार्मस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखवून दिलें कीं, तें जनुक मुळांत विषाणूचें नव्हेच. निरोगी पक्ष्यांच्या पेशींत तें असतेंच. विषाणूनें तें तेथून उचललें होतें. म्हणजे चोर बाहेरून आला नव्हता, घरांतलाच होता.

पण हें जनुक करतें तरी काय? त्याच्यापासून बनणारें प्रथिन इतर प्रथिनांना फॉस्फेटाचा एक तुकडा चिकटवितें. हा तुकडा म्हणजेच पेशींतल्या निरोपाची खूण. तो कोठें चिकटतो, हें १९७९ सालीं कॅलिफोर्नियांतील सॉल्क संस्थेंत टोनी हंटर यांस कळलें, आणि तें एका आळसामुळें! प्रयोगासाठीं लागणारें द्रावण ताजें न करितां त्यांनीं जुनेंच वापरलें. जुनें झाल्यामुळें त्याची आम्लता किंचित् वाढलेली होती. त्यामुळें जेथें एरवीं एकच ठिपका दिसला असता, तेथें दोन वेगळे ठिपके दिसले. दुसरा ठिपका टायरोसीनचा होता. प्रथिनांतील ह्या घटकावर फॉस्फेट बसवून निरोप पाठविला जातो, हें तोंवर कोणास ठाऊक नव्हतें.

आतां कोंबड्यांची ही गोष्ट क्षणभर बाजूस ठेवून आपण फिलाडेल्फियास जाऊं. तेथें १९६० सालीं नोवेल आणि हंगरफोर्ड यांना एका विशिष्ट रक्तकर्करोगाच्या रुग्णांत एक गुणसूत्र विलक्षण आंखूड आढळलें. तुटलेला भाग गेला कोठें? उत्तर मिळावयास तेरा वर्षें लागलीं. शिकागोच्या जॅनेट राऊली ह्या गुणसूत्रांच्या छायाचित्रांचे तुकडे कापून जेवणाच्या मेजावर जुळवीत बसत. ‘आई कागदी बाहुल्या खेळते’ म्हणून मुलें थट्टा करीत. त्या मेजावरच त्यांस दिसलें कीं, ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांनीं आपले तुकडे अदलाबदल केले आहेत. पुढील दहाबारा वर्षांत उलगडा झाला. ह्या अदलाबदलींत दोन जनुकें एकमेकांस जोडलीं जातात आणि त्यांचें जें संयुक्त प्रथिन बनतें, तें टायरोसीनवर फॉस्फेट चिकटवीत राहतें—अखंड, निरोप आलेला नसतांही. कळ अडकलेली घंटा ती हीच!

मग ही घंटा बंद करतां येईल काय? बाझल येथील सीबा-गायगी कंपनींत निकोलस लायडन व त्यांचे सहकारी तसा रेणू शोधीत होते. जाणते लोक साशंक होते. अशीं फॉस्फेट चिकटविणारीं प्रथिनें शरीरांत पांचशेंहून अधिक. एकास अडविण्यास जावें आणि सर्वच बंद पडावींत, ही भीति. शिवाय रोग विरळा, म्हणून कंपनीही फारशी उत्सुक नव्हती. ऑरेगनचे डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनीं मात्र पिच्छा सोडला नाहीं. १९९८ च्या जूनमध्यें पहिल्या रुग्णास तें औषध, इमॅटिनिब, देण्यांत आलें. जुन्या उपचारांस दाद न दिलेल्या ज्या ५४ रुग्णांना पुरेशी मात्रा मिळाली, त्यांपैकीं ५३ जणांच्या रक्तांतील पेशींची संख्या पूर्ववत् झाली. २००१ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली.

परंतु विजय निर्भेळ नव्हता. त्याच वर्षीं लॉस एंजेलिसच्या चार्ल्स सॉयर्स यांनीं दाखविलें कीं, कांहीं रुग्णांत त्या प्रथिनाचा एकच घटक बदलतो आणि औषधाला तेथें बसावयास जागाच उरत नाहीं. मग नवीं औषधें शोधावीं लागलीं. दुसरा प्रश्न पैशाचा. भारतांत मूळ औषधाचा खर्च महिन्यास लाखावर जाई. देशी कंपन्यांचें तेंच औषध आठदहा हजारांत मिळे. औषधाच्या एका नव्या स्फटिकरूपावर कंपनीनें एकस्व मागितलें. त्यास विरोध करणाऱ्यांत मुंबईची ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ होती. १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती मागणी फेटाळली.

ह्या एका यशावरून कर्करोग जिंकला गेला, असें मात्र कोणीं समजूं नये. ह्या रक्तकर्करोगांत आरंभीं एकच कळ अडकलेली असते. बहुतेक कर्करोगांत अनेक अडकलेल्या असतात, आणि एक सोडविली तरी दुसरी वाजत राहते. तथापि ज्या रोगांत पूर्वीं बहुतेक रुग्णांच्या हातीं तीनपांच वर्षें उरत, तेथें आरंभापासून हें औषध घेतलेल्यांपैकीं सुमारें ८३ टक्के दहा वर्षांनंतरही जिवंत असल्याचें आढळलें. एक कोंबडी, एक शिळें द्रावण आणि जेवणाच्या मेजावरचे कागदाचे तुकडे—ज्यांनीं हे हाताळले, त्यांपैकीं कोणासही आपण एखाद्या औषधाच्या वाटेवर आहों हें ठाऊक नव्हतें. ज्या प्रश्नाचा आज कांहीं उपयोग दिसत नाहीं, तो विचारणाऱ्यास ‘ह्यांत काय मिळणार?’ असें म्हणण्यापूर्वीं त्या कोंबडीची आठवण ठेवावी, हें बरें.